पोट धरलेल्या घोड्याला तेल पाजू नका

‘डॉक्टरला पैसे कशाला? घोड्याचे पाच घरगुती उपाय’ हा मेसेज माण-फलटणपासून जतपर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मेंढरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी घोडी असो की पाचगणीच्या टेबल लँडवरचा घोडा, सगळ्यांना एकच औषध. एकेक बघू.

पहिला उपाय: पोट दुखलं तर घोड्याचं तोंड वर बांधून अर्धा लिटर गोडेतेल नळ्यानं पाजा. पाचांतला सगळ्यात घातक हाच. बैलांना काढे पाजायची सवय असल्यामुळे तो लगेच पटतो. पण तोंड वर ताणलेल्या घोड्याला नीट गिळता येत नाही, तेल श्वासनळीत उतरतं. पॅराफिनसारखं बेचव तेल असेल तर ठसकाही लागत नाही, आणि पोटाचं राहिलं बाजूला, न्यूमोनियाच मागे लागतो. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. जठर लहान, ८ ते १५ लिटरचं. पुढे आतडं अडून ते तुंबलेलं असेल तर वरून ओतलेलं तेल भरच घालणार, आणि जठर फुटलं की घोडा गेला. डॉक्टरही तेल देतात म्हणे! देतात की. पण नाकातून नळी थेट जठरात घालून, आधी आत साचलेलं बाहेर काढून.

डॉक्टर येईतो चारा-खुराक उचला. घोडा वळून कुशीकडे बघतोय का, पायानं जमीन उकरतोय का, लीद टाकली का, याकडे लक्ष ठेवा. जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोट फिरवलं की दोरीसारखी शीर लागते. घड्याळ लावून ठोके मोजा. निवांत उभ्या मोठ्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ पडतात. ६० च्या वर गेले तर क्षणभर थांबू नका. १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा आणि ठोक्यांचा आकडा सांगा. हळूहळू चालवलं तर चालतं, तासन्‌तास पळवू नका.

दुसरा, खुरांना रोज जळकं ऑइल. चमक येते, बाकी काही नाही. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, त्याची ताकद खुराकावर आणि नालबंदाच्या हातावर. पावसाळ्यात तळव्यातून काळा, कुजका वास मारणारा चिकटा येत असेल तर ऑइल तो आत झाकून टाकतं. रोज खूर उचलून घाण उकरा, जागा कोरडी ठेवा.

जखमेवर लीद-राख दाबायचा तिसरा उपाय तर धनुर्वाताला आवतण आहे. त्याचे जंतू लीद-मातीतच असतात आणि घोड्याला हा रोग चटकन जडतो. स्वच्छ मिठाच्या पाण्यानं धुवा आणि लसीचं विचारा.

चौथा, घामाघूम घोड्याला तासभर पाणी दाखवू नका. उलट आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या उन्हाळ्यासाठी झालेल्या अभ्यासांत अंगावर गार पाणी ओतणं सुरक्षित ठरलं. प्यायलाही द्या. थांबवायचा तो दाण्याचा तोबरा.

पाचवा स्वारीचा: खोगीर सरकलं तर ओलं पोतं घडी घालून खाली द्या आणि तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा, कचकून आवळा. ओल्या घडीनं पाठ लागते, मानेमागच्या उंचवट्यावर तर हमखास. कोरडं, सुरकुती नसलेलं कापड घाला. बरीच घोडी आवळताना पोट फुगवून धरतात, म्हणून घोडा थोडा चालवून मगच तंग पुन्हा बघा. खाली दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत.