‘असो, प्रयत्न चांगला आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय अनामित,

‘स्कायरिममध्ये पहिले पाच मॉड’ या माझ्या लेखाखाली (स्कायरिम हा संगणकावरचा गेम, आणि मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनी त्यात करून घातलेले बदल) तुम्ही परवा रात्री पावणेदोनला प्रतिक्रिया टाकलीत. बाकीच्यांना खाली जाऊन शोधावी लागू नये म्हणून ती आहे तशी इथे चिकटवतो:

“लेख वाचला. हाताने डेटा फोल्डरमध्ये फायली कोंबायला शिकवणं म्हणजे नवख्या पोरांच्या गेमची वाट लावणं. २०१२ नंतर लेखकाने गेम उघडलेला दिसत नाही. एसकेएसईची आवृत्ती चुकलीये. लूट म्हणजे जादूची कांडी नव्हे. आणि खेळ अर्ध्यावर असताना मॉड काढला तर सेव्हचं काय होतं याबद्दल एक अक्षर नाही. असो, प्रयत्न चांगला आहे.”

(नवख्यांसाठी: डेटा म्हणजे गेमच्या फायलींचं फोल्डर, एसकेएसई म्हणजे काही मॉडना लागणारा, गेमसोबत चालणारा जोडप्रोग्राम, लूट म्हणजे मॉडचा क्रम लावून देणारा प्रोग्राम, आणि सेव्ह म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवणारी फाईल.) आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो, म्हणजे मी ऐकूनच घेत नाही असं कुणी म्हणायला नको. एसकेएसईचा आकडा चुकला होता. गेमच्या १.६.६४० साठी मी २.२.६ लिहिलं, तिथे २.२.३ हवं होतं, २.२.६ आहे १.६.११७० साठी. टंकताना वरची ओळ खाली आली. काल सकाळीच दुरुस्त केलं आणि लेखाच्या तळाशी तशी नोंदही टाकली. आभार. मनापासून.

आता बाकीचं.

‘कोंबायला’ हा शब्द बघा. मी लेखात ‘ठेवायला’ लिहिलंय. फाईल ठेवणं आणि कोंबणं यात फरक आहे आणि तो तुम्हाला कळतो, म्हणूनच तुम्ही तो शब्द निवडलात. पण तेही सोडा. ‘२०१२ नंतर लेखकाने गेम उघडलेला दिसत नाही.’ हे वाक्य मी चहा पिताना वाचलं आणि चहा तसाच राहिला.

साहेब, २०१२ साली माझ्याकडे हा गेम नव्हताच. नोव्हेंबर २०११ ला तो आला तेव्हा मी होस्टेलवर होतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचो. माझा स्वतःचा आला २०१३ च्या डिसेंबरात, लेजंडरी एडिशन, सेलमध्ये, मित्राच्या दादाच्या कार्डावर, कारण माझ्याकडे कार्ड नव्हतं. गेम होता कित्येक जीबीचा आणि डोंगलवर महिन्याला मिळायचे दोन. रात्री बारा ते सकाळी सहा मोफत असायचं. मी अकरा रात्री गजर लावून उठलोय. सकाळी मेसमध्ये पोह्यांवर डुलक्या घ्यायचो आणि पोरं विचारायची, “किती टक्के झालं रे?”

मग मॉड. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, ३२ बिटच्या, म्हणजे मेमरी मोजकीच वापरू शकणाऱ्या गेममध्ये. तीन जीबीच्या आसपास गेम पोचला की तो बंद पडून डेस्कटॉप दिसायचा, ना एरर, ना निरोप. तुम्ही २०१६ नंतर आला असाल (अंदाज आहे, तुमच्यासारखं ‘दिसतं’ असं म्हणत नाही), तर ६४ बिटची स्पेशल एडिशन तुम्हाला आयती मिळाली. आम्ही एकेक टेक्सचर (वस्तूवर चढवलेलं चित्र) लहान करून बसवायचो. दगडाला दोन हजार पिक्सेल कशाला हवेत, यावर रूममेटशी दोन दिवस अबोला होता.

आणि ‘उघडलेला दिसत नाही’ म्हणता, तर ११ नोव्हेंबर २०२१ चं ऐका. दिवाळी होऊन आठवडा झालेला. वर्षभर जमवलेली माझी मॉडची यादी गेमच्या १.५.९७ या आवृत्तीवर नीट चालत होती. अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन आली, स्टीमने (जिथून गेम विकत घेतो आणि उतरवतो त्या प्रोग्रामने) रात्रीत गेम १.६ वर नेला, आणि सकाळी एसकेएसईचा लोडर म्हणाला की तुझा गेम माझ्यापेक्षा नवा आहे, धीर धर. ‘लाँच केल्यावरच अपडेट करा’ हा पर्याय मी निवडून ठेवला नव्हता. चूक माझीच, कुणावर ढकलत नाही. पण गेमची एक्झी, म्हणजे मुख्य फाईल, नव्याने बांधली गेली होती, आतले सगळे पत्ते हलले होते, आणि डीएलएल (कोडची फाईल) असलेला प्रत्येक मॉड त्या पत्त्यांवर उभा होता. स्टीमच्या कन्सोलमधून जुने डेपो, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या फायली, उतरवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत १.५.९७ वर आलो. हे सगळं मी २०१२ च्या आधी केलं असणार, नाही का?

राग आला होता म्हणून लांबलं. मुद्द्यावर येतो.

हाताने का? कारण ‘डाउनलोड विथ मॅनेजर’ दाबून मॉड बसवायचं काम मॅनेजर नावाच्या प्रोग्रामवर सोडणाऱ्याला आपण काय बसवलं तेच माहीत नसतं. माझ्या भाच्याचं उदाहरण देतो, नववीत आहे. त्याने मॉड ऑर्गनायझर २ हा मॅनेजर घातला, सोळा मॉड लावले, आणि मग डेटा फोल्डर उघडून मला फोन केला: “मामा, इथे तर काहीच नाही, मॉड गेले कुठे?” बरोबरच आहे. तो मॅनेजर फायली डेटामध्ये ठेवतच नाही. त्या वेगळ्या राहतात आणि गेम चालू असताना फक्त गेमला डेटामध्ये असल्यासारख्या दिसतात. फार सुंदर कल्पना आहे, मी स्वतः रोज तोच वापरतो, लेखाच्या शेवटी तसं लिहिलंयही (शेवटपर्यंत वाचलंत का?). पण ज्याने एकदाही मेशेस (वस्तूंचे आकार), टेक्सचर्स, स्क्रिप्ट्स (गेमला दिलेल्या सूचना) हे फोल्डर डोळ्यांनी पाहिले नाहीत त्याला ‘असल्यासारख्या दिसतात’ म्हणजे काय ते कळणार कसं?

भाच्याला मी सगळं काढायला लावलं. एकच मॉड, गेममधल्या व्हाइटरन शहराच्या भिंतींची टेक्सचर्स. झिप सोडली, कॉपी केली, गेम उघडला, भिंती जुन्याच. बघितलं तर डेटाच्या आत डेटा, आणि त्याच्या आत टेक्सचर्स. झिपमध्येच डेटा नावाचं फोल्डर होतं आणि त्याने ते अख्खं उचलून आत टाकलं होतं. गेम तक्रार करत नाही, तो त्या फोल्डरकडे बघतच नाही. आतलं टेक्सचर्स त्याने एक पायरी वर ओढलं, परत गेलो, भिंती नव्या. ती वीस मिनिटं त्याला कुठल्या व्हिडिओने दिली नसती.

वाट लागते म्हणता, तर कशी ते तरी सांगायचं. गेमच्या मूळ फायली बीएसए नावाच्या गठ्ठ्यांमध्ये बंद असतात. बाहेर ठेवलेली सुटी फाईल त्यांच्यावर मात करते, त्यांना पुसत नाही. सुटी फाईल काढली की मूळ भिंत परत. दोन मॉड एकाच फाईलवर आले तर पहिल्याची जाते, हे खरं. म्हणून तर पाचच सांगितले, पन्नास नाही. आणि एसकेएसईचा लोडर आणि डीएलएल मॅनेजरवालेही बहुतेक जण हातानेच गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवतात, तिथे कुणाची वाट लागत नाही वाटतं.

लूटबद्दल. जादूची कांडी आहे असं मी कुठे म्हटलंय? ओळ दाखवा. लूट प्लगइनचा (मॉडने गेममध्ये काय बदलायचं ते सांगणाऱ्या फायलींचा) क्रम लावतं, भांडण सोडवत नाही, हे मला गेममधल्या माझ्या सोबतिणीने, लिडियाने शिकवलंय. दोन मॉड तिचा चेहरा बदलत होते. क्रम लूटने लावलेला, सगळं हिरवं. गेममध्ये गेलो तर अंग गोरं आणि तोंड काळं, अक्षरशः कोळशासारखं. (तोंड काळं करून हिंडणारी अंगरक्षक, त्यावर आमच्याकडे महिनाभर विनोद चालले.) प्लगइन एका मॉडचं जिंकत होतं आणि चेहऱ्याची फाईल दुसऱ्याची. एसएसईएडिटमध्ये (प्लगइनच्या आतलं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) तिची नोंद काढली, तिचा आयडी घेतला, आणि मेशेसच्या आत फेसजेनडेटा या चेहऱ्यांच्या फोल्डरपर्यंत उतरत जाऊन ०००ए२सी८ई नावाची निफ फाईल, म्हणजे तिच्या चेहऱ्याची मेश, शोधली. जिंकणाऱ्या मॉडमधली तीच फाईल तिथे ठेवली, टेक्सचर्समधली तिची जोडीदार बदलली, आणि लिडिया माणसात आली. त्या फोल्डरपर्यंत पोचायला मला दोन मिनिटं लागली, कारण मी पूर्वी हाताने फायली ‘कोंबल्या’ होत्या.

राहिला सेव्हचा मुद्दा. तो वेगळा विषय आहे. स्क्रिप्ट असलेला मॉड मधेच काढला की त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये अडकून राहतात वगैरे सगळ्यांना माहीत आहे, आणि पहिल्याच लेखात ते सांगून माणसं घाबरवायची मला गरज वाटली नाही. माझ्या पाचांपैकी चार तर नुसती टेक्सचर्स आहेत. पाचवा स्काययूआय, गेमचे मेनू सुधारणारा. आता स्काययूआय कोण कशाला काढेल? त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. किंवा तुम्ही लिहा, मी दुवा देईन.

आणि ‘असो, प्रयत्न चांगला आहे’. ‘असो’ म्हणजे आपल्याकडे तोंडावर दार लावून घ्यायचा शब्द. त्यानंतर दाराच्या फटीतून ‘प्रयत्न चांगला आहे’ सरकवायचं, हे परीक्षकांचं काम. माझ्या दहावीच्या निबंधावर असाच शेरा होता, लाल शाईत, वीसपैकी नऊ. तुम्ही निदान गुण तरी द्यायचे. नाव न लावता, मध्यरात्री, सात वाक्यांत पाच दोष काढायला मलाही जमतं. अठराशे शब्द मराठीत लिहायला बसा म्हणजे ‘लोड ऑर्डर’ला (गेम प्लगइन ज्या क्रमाने वाचतो त्याला) काय म्हणावं इथेच अर्धा तास जातो. मी शेवटी लोड ऑर्डरच लिहिलं, त्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, त्याचं मात्र आश्चर्य वाटलं.

पुढची प्रतिक्रिया नावाने आली तर उत्तर देईन. अनामित आली तरी छापीन, एवढंच.

जाता जाता, तुमच्याच खाली कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलंय की नवा घोडा जांभळा का दिसतो. ताई, जांभळा म्हणजे मेश सापडली, टेक्सचर सापडलं नाही. घोडा जागेवर आहे, कातडी हरवलीये. डेटामधलं टेक्सचर्स फोल्डर उघडा आणि त्याच्या आत परत टेक्सचर्स नावाचं फोल्डर आहे का बघा. असलं तर आतलं सगळं एक पायरी वर ओढा, आणि झालं का ते इथेच कळवा. त्याआधी कुठला मॉड काढू नका, आणि सेव्हची एक प्रत वेगळी ठेवा.