‘हळद-मिरीच्या कॅप्सूलने औषधही वीसपट लागू पडते’ या संदेशाचा प्रतिवाद

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशातील दावे असे आहेत: मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे कर्क्युमिन (हळदीतील मुख्य क्रियाशील द्रव्य) २००० टक्के अधिक शोषले जाते, ती पहाटे रिकाम्या पोटी कोमट पाण्याबरोबर घ्यावी, रोजच्या गोळ्याही तिच्यासोबतच घ्याव्यात, म्हणजे त्याही तितक्याच जोरात लागू पडतात, आणि वनस्पतीतले अँटिऑक्सिडंट कितीही पोटात गेले तरी अपाय होत नाही. माझी आत्या फिट्ससाठी अनेक वर्षे फेनिटॉइन घेते. हा संदेश पाठवून तिने ‘माझी गोळी हिच्याबरोबरच घेऊ का रे?’ असे विचारले, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

२००० टक्क्यांचा आकडा खोटा नाही, एवढे मान्य करावे लागते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी तो १९९८ मध्ये ‘प्लांटा मेडिका’ या नियतकालिकात मांडला. पण त्यांनी नेमके काय मोजले, हे संदेशात कुठेच नाही. निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिन नुसते दिले, तेव्हा ते रक्तात जवळजवळ सापडलेच नाही; सोबत मिरीतील २० मिलिग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा एका मिलिलीटरमागे सुमारे ०.१८ मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचले, आणि तेही पहिल्या तासाभरात. मुळात नगण्य असलेली गोष्ट वीसपट झाली तरी किती होणार? शिवाय त्या प्रयोगात कोणाचा गुडघा, साखर किंवा स्मरणशक्ती तपासलीच नव्हती. उंदरांत हीच वाढ १५४ टक्के होती. तो आकडा अर्थातच कोणी पुढे पाठवत नाही.

खरा धोका तिसऱ्या दाव्यात आहे. पायपरीन कर्क्युमिनला कोणताही खास मार्ग मोकळा करून देत नाही. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात बाहेरच्या पदार्थांची विल्हेवाट लावणारी जी यंत्रणा असते, तिलाच ते काही काळ मंद करते, आणि ही यंत्रणा हळद व औषध असा भेद करत नाही. फेनिटॉइनच्या बाबतीत हे माणसांवर तपासून झाले आहे: पायपरीन सोबत दिल्यावर फिट्सच्या रुग्णांच्या रक्तातही त्याची पातळी वाढलेली आढळली. या औषधाची उपयुक्त पातळी साधारणपणे मिलिलीटरला १० ते २० मायक्रोग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात असते, आणि यकृताची क्षमता संपत आली की मात्रेतील छोट्या वाढीनेही पातळी एकदम उसळते. मग डोळे फिरतात, एकाचे दोन दिसते, जीभ जड होते, चालताना तोल जातो. घरच्यांना हे वयाचे दुखणे वाटते आणि कॅप्सूल चालूच राहते. पायपरीनमुळे रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल आणि दम्यावरील थिओफिलिन या औषधांचीही पातळी वाढते. ‘औषध जास्त लागू पडते’ म्हणजे न सांगता मात्रा वाढवणे, दुसरे काही नाही. क्षयावरील रिफॅम्पिसिनमध्ये पायपरीन मिसळून भारतात औषध तयार झाले, हे खरे. पण तेथे रिफॅम्पिसिन ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणून, चाचण्या घेऊन ते केले. संदेश मात्र पूर्ण मात्रेवरच हे चढवायला सांगतो.

रिकाम्या पोटी कोमट पाण्याचा सल्ला तर उलटाच आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. घरातल्या तेलाच्या फोडणीत आणि दुधात हळद घालतात, ती रीत यापेक्षा शहाणी आहे. त्या हळदीला माझा काहीही आक्षेप नाही: तिच्यात कर्क्युमिन वजनाच्या जेमतेम ३ टक्के असते. कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेला अर्क भरलेला असतो.

‘कितीही घ्या’ याचे उत्तर फिनलंडमध्ये १९९४ मध्येच मिळाले आहे. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांत असणारे अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. हळदीच्या पूरकांबाबत अमेरिकेतील यकृत-इजा संशोधन जाळ्याने २०२२ मध्ये १० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक दगावला. तपासलेल्या ७ उत्पादनांपैकी ३ मध्ये पायपरीन होते. अशी इजा विरळच असते, पण कॅप्सूल चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे पडले किंवा अन्नावरची वासना गेली, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी. फिट्सची गोळी मात्र कोणीही स्वतःहून बंद करू नये. कॅप्सूल सोडावी आणि डॉक्टरांना तिची पेटी दाखवून फेनिटॉइनची रक्तातील पातळी मोजून घ्यावी.