'माझ्याकडे तर दोन वर्षं सुखाने नांदताहेत!' : सिक्सलाइन रॅसवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात जरा राग आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की माझ्या विरोधात म्हणून तुम्ही जो पुरावा मांडलाय, तो निम्मा माझ्याच बाजूचा आहे. म्हणून हे उत्तर लांबलंय.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. रॅस म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळले जाणारे रंगीत समुद्री मासे; सिक्सलाइन, फेअरी, फ्लॅशर हे त्यांचेच प्रकार. सिक्सलाइन रॅस असलेल्या टाकीत फेअरी किंवा फ्लॅशर रॅस कधीच सोडू नये, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमच्याकडे सिक्सलाइन आणि मॅकॉस्कर्स फ्लॅशर दोन वर्षं एकत्र आहेत, म्हणून तुमच्या मते मी उगाच घाबरवतोय. दुसरा आक्षेप असा, की 'एकाच घडणीचे रॅस एकत्र नकोत' म्हणणारा मी स्वतः मात्र दोन फेअरी पाळतो. तिसरा, क्लीनर रॅसला (इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणाऱ्या रॅसला) मी केलेला विरोध तुम्हाला पटलेला नाही. आणि शेवटी, कोणाचं कोणाशी जमतं याचा साधा तक्ता द्या, पाल्हाळ नको, अशी मागणी. जाता जाता तुम्ही हेही सांगितलंत की आता टाकीत लेपर्ड रॅस आणायचा विचार आहे.

सिक्सलाइनपासून सुरू करू. 'कधीच' हा शब्द चुकला, मान्य. तो आज लेखातून काढला. पण तुमच्याच प्रतिक्रियेतल्या दोन गोष्टी पुन्हा बघा. तुमची टाकी दीड मीटर लांब आहे. आणि फ्लॅशर आधी आला, सिक्सलाइन त्यानंतर आठ महिन्यांनी. सगळी मेख इथेच आहे. सिक्सलाइन पाण्यात उतरला तेव्हा ते घर दुसऱ्याचं होतं. त्याला एका टोकाच्या दगडांत बिऱ्हाड थाटावं लागलं आणि फ्लॅशर मधल्या मोकळ्या पाण्यात आधीसारखाच फिरत राहिला.

माझ्याकडे नेमकं उलटं झालं होतं. सिक्सलाइन वर्षभर एकटा राजा. मग मी कारपेंटर्स फ्लॅशरचं एक लहान पिल्लू आणलं. दोन दिवस ते अ‍ॅक्लिमेशन बॉक्समध्ये (नव्या माशाला सवय व्हावी म्हणून टाकीतच लावायच्या डब्यात) ठेवलं, सगळं शांत वाटलं म्हणून सोडलं. तिसऱ्या दिवशी शेपटी कुरतडलेली दिसली. चौथ्या दिवशी ते खायला वरही आलं नाही, पंपामागच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी स्टँडच्या मागे फरशीवर सापडलं, वाळून कडक झालेलं. वायरी बाहेर काढायला झाकणात ठेवलेली फट दोन बोटांचीही नव्हती. घाबरलेला रॅस तेवढ्यातून बरोबर निघतो.

दोष माशाचा नव्हता. सिक्सलाइन, फोरलाइन आणि त्यांचा महागडा भाऊबंद मिस्टरी रॅस हे सगळे स्यूडोकायलिनस या एकाच गटातले. दिवसभर दगडांच्या फटींतून फिरायचं आणि प्रत्येक भोकात डोकावून कोपेपॉडसारखे बारीक जीव टिपायचे, हा त्यांचा धंदा. म्हणजे प्रत्येक दगड त्यांच्या लेखी ताटच. त्यात नवखा मासा रात्री झोपायला जी फट शोधतो, ती आधीच सिक्सलाइनच्या फेरीतली असते. फेअरी आणि फ्लॅशर रात्री दगडांत शिरून अंगाभोवती चिकट पदार्थाचा कोष विणतात आणि त्यात झोपतात. ज्याला झोपायला जागा मिळत नाही तो दोन-तीन रात्रींत खचतो. दिवसाचा पाठलाग आपल्याला दिसतो, पण संध्याकाळी दिवे मंद होतानाची अर्धा तासाची हुसकाहुसकी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मीही तेव्हा ती पाहिली नव्हती.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण दोन फेअरींबद्दलचा तुमचा प्रश्न त्यालाच धरून आहे. माझे दोन नर समोरासमोर आले की पर ताणतात, अंगावरचे रंग क्षणात भडकतात, एकमेकांना समांतर पोहत एक चक्कर मारतात आणि आपापल्या वाटेने जातात. हा नुसता रुबाब. याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट रंग टिकायला मदतच होते असा माझा अनुभव आहे. छळ वेगळा दिसतो. त्यात पर मिटलेले असतात, हल्ला मागून होतो आणि हरलेला मासा निघून गेला तरी मारणारा थांबत नाही. फाटके पर, कोपरा धरून बसणं, खाण्याच्या वेळी न येणं, यातलं काहीही दिसलं की लगेच वेगळं करायचं. 'बघू दोन दिवस' हे मी एकदा म्हटलंय. पुन्हा म्हणणार नाही.

तरीही तुमचा आक्षेप अगदीच चुकीचा नाही, माझं वाक्य ढोबळ होतं. 'एकाच घडणीचे' म्हणजे एकाच थरात वावरणारे, तेच खाणारे आणि तिथेच झोपणारे, त्यात पुन्हा आकाराने आणि रंगाने जवळचे. फेअरी मोकळ्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव (प्लवक) टिपतात, दगडाच्या एकेका भोकावर त्यांचा हक्क नसतो. त्यामुळे पुरेशी लांबी असेल तर वेगळ्या रंगाच्या दोन जाती नांदू शकतात. त्यातही स्वभाव बघावा लागतोच. स्कॉट्स फेअरी हा त्यातला दांडगा, तो सगळ्यात शेवटी. नाजूक फ्लॅशर सगळ्यात आधी. माझ्याकडे याच क्रमाने आले म्हणून जमलं. स्कॉट्स आधी आला असता तर त्यांचा एकत्र फोटो तुम्हाला दिसलाच नसता.

आणि नर-मादीचा घोळ. 'दोन्ही माद्या घ्या, भांडण नाही' हा सल्ला ऐकून फसलेले बरेच आहेत. रॅस जन्मभर मादीच राहील याची खात्री नसते. या कुळात मादीचा नर होणं ही नेहमीची गोष्ट. क्लीनर रॅसच्या कळपातला नर काढला की सगळ्यात वरचढ मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखरच नर होते, हे संशोधक रॉबर्टसन यांनी 1972 सालीच दाखवून दिलंय. अशा दोन माद्यांमधली एक आज ना उद्या नर होणार हे धरूनच चाला. एका जातीचा एक नर आणि त्याच्याहून लहान एक-दोन माद्या, शक्यतो माद्या आधी, ही रचना बरी पडते.

नावावरही विसंबू नका. पिवळाधमक 'यलो कोरिस' रॅस विकला जातो, तो मुळात कोरिस नाहीच, हॅलिकोरीस या दुसऱ्याच गटातला आहे. वाढून 12 सें.मी.च्या आसपास थांबतो. खरा कोरिस म्हणून जे लाल अंगाचं आणि पांढऱ्या ठिपक्यांचं गोंडस पिल्लू मिळतं, ते पुढे 40 सें.मी.पर्यंत जातं आणि वाटेत दगड उलटवत, कोळंब्या-गोगलगायी फस्त करत सुटतं. मालदीवच्या गुलाबी फेअरीला तर 2022 साली फिनिफेन्मा हे स्वतःचं नाव मिळालं. तोवर ती दुसऱ्याच जातीच्या नावाने ओळखली जात होती. (धिवेही भाषेत त्या शब्दाचा अर्थ गुलाब, इतकं समर्पक नाव क्वचितच मिळतं.)

क्लीनर रॅसवर थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझं मत बदललेलं नाही. समुद्रात तो दिवसाकाठी बाराशेच्या आसपास परजीवी खातो, असं ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटावर मोजलं गेलंय. तुमच्या सहा माशांच्या अंगावर तेवढं त्याला कुठून मिळणार? तयार खाणं शिकला तर जगतो, बरेच शिकत नाहीत. आणि तुम्ही ज्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर त्याला आणायला निघालात, तो परजीवी माशाच्या कातडीखाली दडलेला असतो. तिथे याची चोच पोचत नाही. उपाय क्वारंटाइन टाकी, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळं ठेवायची टाकी, हाच. निऑन गोबी हा छोटा मासा ठेवा हवं तर, तो साफसफाईही करतो आणि तयार खाणंही खातो.

तक्ता का दिला नाही? कारण तक्त्यात उभ्या ओळीत एक मासा, आडव्या ओळीत दुसरा आणि मध्ये हिरवा नाहीतर लाल चौकोन. आधी कोण आलं, टाकी किती लांब आहे, झोपायला किती फटी आहेत, यासाठी त्यात रकानाच नसतो. सिक्सलाइन आणि फ्लॅशर या जोडीला तक्ता लाल रंग देणार. तुमची टाकी म्हणणार हिरवा, माझी म्हणणार लाल. दोघंही खरं बोलतोय.

आता तुमचा लेपर्ड. इथे मात्र मी तुम्हाला खरंच थांबवणार आहे. लेपर्ड वाळूत झोपतो, म्हणजे झोपायच्या फटीवरून त्याचं सिक्सलाइनशी भांडण नाही. ही जमेची बाजू. पण दिवसभर तोही तेच करतो, दगडावरून हळूहळू सरकत बारीक जीव टिपतो आणि तयार खाणं घ्यायला वेळ लावतो. नवा आणला की घाबरून कित्येक दिवस वाळूतून बाहेरच येत नाही, आणि येतो तेव्हा त्याला निवांतपणे चरता आलं पाहिजे. आठ महिन्यांनी मागून आलेला तुमचा सिक्सलाइन आता नवखा राहिलेला नाही. टाकीवर दोन वर्षांची त्याची वहिवाट आहे.

वाळूबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तळाला प्रवाळाचा जाडा चुरा असेल तर लेपर्ड नकोच, त्यात घुसताना त्याचं तोंड आणि अंग सोलवटतं. बारीक वाळू निदान 5 सें.मी. हवी. सगळीकडे शक्य नसेल तर एका कोपऱ्यात खोलगट ट्रे भरून ठेवा.

तरीही आणायचाच असेल, तर आधी सिक्सलाइन पकडा आणि महिनाभर सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) किंवा वेगळ्या टाकीत ठेवा. त्या काळात लेपर्डला स्थिरावू द्या, मग सिक्सलाइनला नवखा म्हणून परत सोडा. सोडताना टाकीच्या टोकाला बाहेरून एक आरसा चिकटवा. हातच्या कांकणाला लागत नसेल, पण सिक्सलाइनला आरसा लागतो. पहिले काही दिवस त्याची बरीच मस्ती स्वतःच्याच प्रतिबिंबावर जिरते.

जाळीने तो सापडणार नाही, सगळे दगड उपसावे लागतील. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, तळाशी मायसिस कोळंबी टाका आणि बाटली दोन दिवस तशीच टाकीत राहू द्या. पहिल्या दिवशी तो नुसता प्रदक्षिणा घालेल. फ्लॅशर आधी आत गेला तर त्याला हळूच सोडून द्या आणि बाटली पुन्हा लावा. आणि हो, या सगळ्यात झाकण उघडं टाकू नका.