न्यू ऑर्लिन्सला जाताय? मग रँपार्ट स्ट्रीट ओलांडाच

न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींचे फोटो ठरलेले. बर्बन स्ट्रीट, गळ्यात मण्यांच्या माळा, कॅफे दु मोंदची पिठीसाखरेत बुडालेली बेन्ये, आणि वर ‘अमेरिकेतलं मिनी फ्रान्स’! हे मिनी फ्रान्स प्रकरण मला फार खटकतं. शहर १७१८ साली फ्रेंचांनी वसवलं, कबूल. पण १७८८ आणि १७९४ च्या आगींत जुनं गाव बरंचसं जळालं, आणि तेव्हा राज्य स्पेनचं होतं. फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातली ती कमानी-अंगणांची घरं पुष्कळशी स्पॅनिश वळणाची आहेत.

आणि ज्या संगीतासाठी आपण तिकडे जातो, ते तर फ्रेंच क्वार्टरच्या कडेच्या रँपार्ट स्ट्रीटच्या पलीकडचं. तिथे ट्रेमे वस्ती लागते, आणि तिच्या तोंडाशीच लुई आर्मस्ट्राँग पार्कमध्ये काँगो स्क्वेअर. रविवारी गुलामांना इथे जमता यायचं. बाजार भरायचा, ढोल वाजायचे, नाच व्हायचा. १८१७ मध्ये नगरपालिकेने कायदा करून त्यांचं जमणं एकाच जागी आणलं, ती हीच जागा. जॅझची एक मोठी मुळी इथली. पण टूरवाले इथे किती वेळ देतात? बस थांबवून एक फोटो, की चला पुढे.

याच ट्रेमेमधला क्लेबोर्न अव्हेन्यू हा कृष्णवर्णीयांच्या दुकानांचा, ओक झाडांच्या सावलीचा रस्ता. १९६६ मध्ये झाडं तोडली आणि वरून हायवे नेला. लोक खमके. रविवारची सेकंड लाइनची, म्हणजे बँडमागे लोक नाचत जातात ती मिरवणूक त्या हायवेच्या पुलाखाली आली की ट्रम्पेटवाल्यांना चेव येतो, कारण काँक्रीटखाली आवाज दुप्पट घुमतो. सरकारने घालवलेल्या रस्त्यावर असं वाजवणं, याला वारसा म्हणतात. बर्बन स्ट्रीटवरच्या प्लास्टिकच्या ग्लासांना नाही.

खाण्यातही तेच. गंबो म्हणजे तिथला दाट रस्सा. त्यात पीठ तेला-तुपात परतायची रीत फ्रेंच, भेंडी आफ्रिकेची, वरून घालायची ससाफ्रासच्या पानांची पूड तिथल्या मूळच्या चोक्टाव लोकांची. आपण भेंडीची तार मोडायला आमसूल घालतो. इथे रस्सा दाट व्हायला तीच तार हवी असते!

जेवायचंच तर ट्रेमेतल्या डूकी चेजमध्ये जेवा. १९४१ पासूनचं आहे. वर्णभेदाच्या दिवसांत गोऱ्या-काळ्यांनी एकत्र जेवायला बसणं बेकायदा होतं, तेव्हा नागरी हक्क चळवळीतली माणसं याच्या वरच्या मजल्यावर गंबो खात बैठका घेत.

शाकाहारी मंडळींनी मात्र सोमवारचा रेड बीन्स अँड राइस ‘राजमा-चावलच की’ म्हणून मागवू नये. त्यात बहुतेक वेळा हॅम नाहीतर सॉसेज असतं. आधी विचारून घ्या.