‘पुस्तक अर्धवट सोडायला शिकवणारं दुकान’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

गणपतीच्या सुट्टीत आपण मुलीला घेऊन आमच्या वेंगुर्ल्यातल्या, पुस्तकं विकणाऱ्या आणि सभासदांना वाचायलाही देणाऱ्या दुकानात आलात आणि घरी पोचल्यावर एक तारा देऊन अभिप्राय लिहिलात. तो मी त्याच रात्री वाचला. उत्तराला आठ दिवस लागले, कारण डोकं तापलेलं असताना लिहायचं नव्हतं.

आपल्या तक्रारी तीन. पुस्तकांना दमट वास येतो. कपाटावर लावलेल्या, वाचकाचं मत लिहिलेल्या एका कार्डामुळे नेमाड्यांच्या ‘कोसला’तली मोठी गोष्ट मुलीला वाचायच्या आधीच कळली. आणि तिसरी, जिच्यामुळे आपण खरे दुखावलात: खांडेकरांची ‘ययाति’ मागणाऱ्या ग्राहकाला मालकीणच सांगते की मी ही कादंबरी दोनदा अर्धवट सोडली, आणि तेही पंधरा वर्षांच्या मुलीसमोर. खांडेकरांच्या शिरोड्यापासून इतक्या जवळ बसून त्यांचा असा अपमान करता, आणि पोरांना पुस्तक अर्ध्यात टाकायला शिकवता, असं आपण लिहिलंय.

‘कोसला’च्या कार्डाबद्दल आपण म्हणता ते शंभर टक्के बरोबर. नायकाच्या बहिणीबद्दल, मनीबद्दल, मी जी ओळ लिहिली होती ती लिहायला नको होती. सुरुवातीची पन्नास-साठ पानं वाचून पुस्तक परत आणणारे खूप असतात. त्यांनी थोडं पुढे जावं म्हणून लिहिली, पण घाईत जास्त सांगून बसले. ते कार्ड दुसऱ्या दिवशी सकाळीच काढलं. आता तिथे फक्त एवढंच आहे: ‘कंटाळा आला तरी शंभर पानं द्या.’ आपल्या मुलीची मी मनापासून माफी मागते.

वासाचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात हयगय नाही. आमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतच पाणी असतं. कपाटात साठ वॅटचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवते, प्रत्येक खणात वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा सुकवलेला पाला असतो, त्यामुळे कसर लागत नाही. पण वीज दोन-दोन दिवस गेली की बल्बही जातो आणि बुरशीला तेवढा वेळ पुरतो. दसरा झाला की रोज सकाळी एकेक खण बाहेर काढून चटईवर पुस्तकं उभी उघडून ठेवते. तासाभरापेक्षा जास्त नाही, नाहीतर बांधणीचा डिंक तडकतो. आपण आलात ते भाद्रपदात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत. आपण नेलेल्या जुन्या पुस्तकाला वास असेल तर कुरिअरने परत पाठवा. दिवाळीनंतर वाळवलेली दुसरी प्रत पाठवीन, किंवा पैसे परत करीन. दोन्ही बाजूंचा खर्च माझा.

आता कार्डांबद्दल. ती मी काढणार नाही, आणि का काढणार नाही हे आपल्याला कळावं असं फार वाटतं.

ती कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. गावात वर्षाला पन्नास तरी पत्रिका येतात. त्या कापून ठेवते. पुस्तक परत करायला आलेल्या सभासदाला पेन देते आणि तीनच गोष्टी विचारते: आवडलं का, परत वाचाल का, सोडलं असेल तर कुठल्या पानावर. जे लिहितात ते मी जसंच्या तसं लावते. सगळीच मतं माझी नाहीत. माझ्या कार्डाखाली माझी सही असते, म्हणजे भांडायचं कोणाशी ते कळतं.

‘सोडलं’ या कार्डांनी मला जेवढं शिकवलं तेवढं ‘आवडलं’ने नाही. आमचा एक सभासद ट्रॉलरवर खलाशी आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तो जाड पुस्तकं नेतो. एका वर्षी त्याने पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड नेला. ऑगस्टमध्ये परत आणला आणि कार्डावर लिहिलं: ‘पान २४०. बोट पाण्यात गेली.’ पुढच्या जूनमध्ये आला तो थेट त्याच खणाकडे. पान २४० लक्षात होतं त्याच्या. दुसरा खंड त्याने त्याच्या पुढच्या वर्षी संपवला. तीन पावसाळे एक कादंबरी! या माणसाने पुस्तक टाकलं असं कोण म्हणेल?

त्या दोन खंडांची प्रत आपण उघडून बघायला हवी होती. पहिल्या खंडाचा कणा मऊ पडलाय, तारखांची चिठ्ठी दोनदा बदललीय. दुसरा खंड अजून उघडताना कडकडतो. चार पिढ्यांचा पसारा आहे, माणसं डोक्यात राहत नाहीत, हीच अडचण. म्हणून मी पहिल्या खंडाच्या आतल्या पुठ्ठ्याला हाताने काढलेली वंशावळ चिकटवली. ‘सोडलं’ची सहा कार्डं एकत्र वाचली म्हणून ते सुचलं. सगळ्यांनी भिडेपोटी ‘छान’ लिहिलं असतं तर लोक कुठे अडतात हे मला कधी कळलंच नसतं.

आणखी एक कार्ड आहे, एका निवृत्त गुरुजींचं. ‘पान ८६. घरात आजारपण आलं, नंतर हात लागला नाही.’ त्या पुस्तकाचं नाव मी इथे लिहीत नाही. पण ते कार्ड वाचून त्याच पानाच्या पुढे काय आहे ते बघायला दोघंजण पुस्तक घेऊन गेले.

आता ‘ययाति’. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत आले आणि १९३८ पर्यंत तिथे होते. आमच्या तालुक्यातली म्हातारी माणसं अजूनही त्यांना ‘खांडेकर मास्तर’ म्हणतात. ‘ययाति’ १९५९ची, तिला साहित्य अकादमी मिळाली, १९७४मध्ये मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं. हे सगळं मला ठाऊक आहे आणि त्याचा अभिमान आहे. पण बक्षीस समोर ठेवून मला वाचता येत नाही. तरुणपणी मी ‘ययाति’ची वाक्यं वहीत उतरवून घेतली होती. पुढे वयाच्या अडतिसाव्या वर्षी पुन्हा घेतली आणि देवयानीच्या निवेदनात थांबले. ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते, पण मला तिघांचा आवाज एकच ऐकू यायचा. तीच सुभाषितं, तोच चढलेला सूर. दहा वर्षांनी परत घेतली, तिथेच अडले. हे मी आपल्याला सांगितलं ते खांडेकरांना कमी लेखायला नाही. त्यांच्या रूपककथा मी दर वर्षी कोणा ना कोणा नव्या वाचकाच्या हातात देते. त्या दिवशी आपल्या मुलीसमोरही ठेवल्या होत्या, आपण कदाचित बघितल्या नसतील.

आणि मी ते मुद्दाम मुलीसमोर बोलले, हेही खरं. आपण काउंटरवर पैसे काढत होतात तेव्हा तिने हळूच मला विचारलं, ‘काकू, हे मी घरी अर्धं वाचलंय. पुढे जात नाही. काही चुकतंय का माझं?’ आपल्या घरी एक प्रत आधीच होती, फाटली म्हणून नवी घेत होतात. तिला मी जे खरं तेच सांगितलं: मीही दोनदा सोडलंय, काही चुकत नाही. पण तिच्याशी परस्पर बोलण्याआधी आपल्याकडे वळायला हवं होतं. वडील शेजारी उभे असताना ते बरं दिसलं नाही. ते मला मान्य आहे.

मात्र उत्तर बदलणार नाही. त्याचं कारण माझ्या घरातलं आहे. आमच्या आजोबांचा नियम होता, हातातलं संपल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. नववीत असताना एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीत मी अडकले. कादंबरी वाईट नव्हती, मी लहान होते. रोज संध्याकाळी ओटीवर ती मांडीवर घेऊन बसायचं, पानं उलटायची, आणि आजोबांनी विचारलं की खोटं सांगायचं. आठ महिने ती चालली. संपली त्या दिवशी मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की पुढची सहा वर्षं मी शाळा-कॉलेजच्या अभ्यासाबाहेरचं पुस्तक हातात धरलं नाही. सहा वर्षं! वाचायचं खरं वय ते. आजोबांवर माझा राग नाही, पण ती वर्षं गेली ती गेलीच.

वाचन परत लागलं ते लग्नानंतर, सासरी माळ्यावर सापडलेल्या जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मुळे. पाऊस पडत होता, चूल पेटत नव्हती, मी फुंकणी बाजूला ठेवून तिथेच वाचत बसले. दळवींचं आरवली गाव आमच्याच तालुक्यातलं. पुस्तकातली माणसं जशी बोलतात तशी आमच्या दारात बोलत होती. पहिल्यांदा वाटलं की पुस्तक माझ्याच घरात घडतंय. ते मी आता किती वेळा वाचलंय ते मोजलेलं नाही. दर पावसाळ्यात एकदा होतंच, आणि आता मजेपेक्षा त्यातली ओसाड पडत गेलेली घरं जास्त दिसतात. पुस्तक तेच, मी पन्नाशी ओलांडली.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ माझ्या उशाशी असतं. ते तर मी कधी सुरू केलं नाही आणि संपवलंही नाही. चैत्र लागला की चैत्राचा लेख, आषाढ लागला की आषाढाचा. दोन-तीन महिन्यांचे लेख माझे कधी वाचूनच झाले नव्हते, परवा कळलं. वाचायची अशीही रीत असते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मी कुठूनही उघडते. त्यातली लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत आमच्या शेजारच्या काकींना वाचून दाखवली तर त्या हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि म्हणाल्या, ‘ह्यां आमच्याच घरातला आसा.’ त्यांना स्वतःला वाचता येत नाही. पण त्यांचंही कार्ड आहे, मी लिहून दिलेलं.

तेव्हा पुस्तक सोडायला मी शिकवत नाही. सोडलं तर लपवू नका, कुठे सोडलं ते लक्षात ठेवा, एवढंच सांगते. जे लपवावं लागत नाही त्याच्याकडे माणूस परत येतो.

आता एक विनंती. आपल्या अभिप्रायात, रागाच्या भरात, एक वाक्य आहे: ‘मी ययाति चार वेळा वाचली आणि प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाची बाजू घेतली.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला तिघांचा आवाज एकच वाटला आणि आपल्याला चार वाचनांत चार बाजू दिसल्या, म्हणजे काहीतरी मी ऐकलेलं नाही. त्या खणात ‘ययाति’वर ‘सोडलं’ची तीन कार्डं आहेत आणि ‘परत वाचलं’चं एकही नाही. हे बरोबर नाही. आपलं हे वाक्य कार्डावर लिहून माझ्या कार्डाच्या वर लावायची परवानगी द्याल का? नाव नको असेल तर फक्त ‘पुण्याचे वाचक’ लिहीन. पत्रिका निवडून ठेवलीय, जाड कागदाची, शाई पसरत नाही.

परवा रात्री मी पुन्हा ‘ययाति’ काढली. या वेळी कोणाची तरी बाजू घ्यायची असं ठरवून वाचतेय. देवयानीपाशी पोचलेय. अजून थांबलेली नाही.