‘45 मिनिटांचे पैसे, 25 मिनिटांचा घोडा’ ह्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या घोडेस्वारीच्या क्लासवरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोरानं मोबाईलवर वाचून दाखवला. एक स्टार. तुम्हाला आणि तुमच्या मुलीला त्रास झाला त्याबद्दल आधी मनापासून सॉरी. गेटपासून शेडपर्यंत चिखल आहे, मुलीचा बूट त्यात रुतून बसला, हे खरं आहे आणि त्यावर मी काही बोलत नाही. पण बाकीचं तसंच सोडलं तर वाचणाऱ्याला वाटणार की हा माणूस लुटायलाच बसलाय. कालपासून दोन चौकशीचे फोन आले, दोघांनीही तुमचंच वाक्य मला वाचून दाखवलं, म्हणून लिहालोय.

तुम्ही लिहिलंय की क्लास 45 मिनिटांचा म्हणून सांगितलं, 12 क्लासचे 6,000 घेतले, म्हणजे एका क्लासला 500, आणि मुलीला घोड्यावर बसवलं 25 मिनिटंच, म्हणजे मिनिटाला 20 रुपये पडले. हिशोब बरोबर आहे ओ. पण आमच्या गेटवर एक वही आहे, लांब पट्ट्याची, येणाऱ्यानं वेळ लिहून सही करायची. तुमच्याच अक्षरातल्या वेळा सांगतो. आपली बॅच साडेसहाची. पहिला क्लास 6:28, त्या दिवशी मी घरात जाऊन म्हणालो सुद्धा की माणूस वेळेचा दिसतोय. दुसरा 6:47. तिसरा 6:51. चौथा 6:40. पाचवा 6:55, त्या दिवशी टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलेलं असं म्हणालासा. गेट पडतं, मान्य, आम्ही पण बेळगावातच राहतो, पण ते प्रत्येक रविवारी आमच्याच क्लासला कसं काय पडतं? दहा क्लास झाले त्यात वेळेवर तीन.

आता 6:50 ला आल्यावर सव्वासातपर्यंत उरतात किती? 25. मुलगी येईपर्यंत आमचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, खरारा (अंग घासणं) करून, खोगीर चढवून मैना घोडीला तयार ठेवायचा, म्हणून तिला ती 25 तरी पूर्ण मिळाली. नाहीतर त्यातलीही दहा गेली असती.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली, ती कबूल करतो. वेळेवर आलं तरी 45 ची 45 मिनिटं खोगिरावर बसायला मिळत नाहीत, तीसेक मिळतात, आणि हे पैसे घेताना मी फोड करून सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं माहीत असेल. पहिली दहा मिनिटं खरारा, खुरातला चिखल हुकानं काढणं, खोगीर घालणं, आणि हे पोरानं स्वतः करायचं असतं, ते शिकणंच आहे. नुसतं वर बसून फेरी मारायची असेल तर ती जत्रेत पन्नास रुपयाला मिळते. आमची मैना तर अशी लबाड आहे की तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला लागलं की पोट फुगवून उभी राहते. तुम्हाला वाटतं झालं घट्ट, आणि दहा पावलं चालली की श्वास सोडते आणि तंग ढिला. तसंच पोराला वर बसवलं तर वळणावर खोगीर फिरून पोटाखाली येतं आणि पोर पण त्याच्याबरोबर. म्हणून आधी हातानं चालवायची, परत तंग आवळायचा, मग बसवायचं. शेवटी पाच मिनिटं परत सावकाश चाल, घाम वाळेपर्यंत. आणि नवीन पोराला दुडकीवर अर्ध्या तासाच्या वर ठेवत नाही, मांड्या भरून येतात, मग तोल जातो, तोल गेला की पोर लगामाला लोंबकळतं, आणि लगामाचं दुसरं टोक जनावराच्या तोंडात असतं.

तुम्ही दोनदा म्हणालासा, उशीर झालाय तर पंधरा मिनिटं वाढवून द्या की, काय बिघडतंय. साडेसातला मैनाचाच दुसरा क्लास असतो ओ. मधल्या पंधरा मिनिटांत तिचं खोगीर उतरवून पाठ पुसायची, तंगाखाली कुठं घासलंय का बघायचं, पाणी दाखवायचं. ती वेळ तिची आहे, ती मी कुणाला विकत नाही. दिवसाला एका घोड्याचे दोनच क्लास, तिसऱ्याला डबल पैसे देतो म्हणणारे पण येऊन गेलेत.

दुसरं, आमचा नोकर उर्मट आहे आणि तुमच्यावर कन्नडमध्ये ओरडला, शिव्या दिल्या असं लिहिलंय. ओरडला, होय, आणि मोठ्यानं ओरडला त्याबद्दल सॉरी. पण त्या दिवशी काय झालं तेवढं सांगतो. पाऊस भुरभुर चालू होता, मुलगी वर बसलेली, आणि तुम्ही फोटो काढायला मैनाच्या मागून आलासा आणि तिथंच, शेपटीपासून चार फुटावर, बटणाची छत्री फाटकन उघडली. घोड्याला अगदी मागचं दिसत नाही. तिचे कान मागे गेले, मागचा पाय उचलला गेला. आमचा माणूस गोकाककडचा आहे, घाबरला की तोंडात कन्नडच येणार. तो म्हणाला, ‘हिंदक सरीरी!’ म्हणजे मागं सरका. त्यात शेवटी ‘री’ आहे सर, म्हणजे त्या गडबडीत पण त्यानं तुम्हाला अहो-जाहोच घातलं. इतकी वर्षं ह्या भागात राहून एवढं कन्नड तुम्हालाही कळत असणार. आणि हे बोलताना त्याचा एक हात लगामावर आणि दुसरा तुमच्या मुलीच्या गुडघ्यावर होता, ते फोटोत आलं असेल तर बघा. रिव्ह्यू मी त्याला वाचून दाखवलेला नाही.

बोर्डिंगचं, म्हणजे तट्टू आमच्याकडं ठेवायचं, थोडक्यात. तुमचं तट्टू मे महिन्यात आमच्याकडं आलं, महिना 9,000, आणि तुम्ही लिहिलंय की नुसता कडबा घालून बारीक केलं. आलं तेव्हा ते वरातीतनं घेतलेलं, पोट हे एवढं, वरून पाठीचा कणा दिसालेला. ते बाळसं नव्हतं, जंत होते. डॉक्टरांना बोलावून जंताचं औषध दिलं, बिल तुम्हाला पाठवलंय, पोट उतरलं ते त्यामुळं. आता बरगडीवर हात फिरवला तर बरगडी लागते पण लांबून दिसत नाही, असंच पाहिजे. खायला वाळलं गवत, ओट, भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, आणि कडबा पण असतो, कडबा काय वाईट आहे? पावसात गवताला बुरशी आली तर गठ्ठाच्या गठ्ठा उकिरड्यावर टाकतो, कारण घोड्याला उलटी करून बाहेर टाकता येत नाही, एकदा पोटात गेलं आणि पोटदुखी उठली की रात्रभर त्याला धरून चालवत बसायचं. नालबंद मिरजेहून येतो, सहा आठवड्यांनी, त्याच्या येण्याजाण्याचे पैसे आजपर्यंत मी तुमच्याकडून घेतलेले नाहीत. हे सांगायचं नव्हतं.

‘मालक स्वतःच्या गिऱ्हाईकाला घोड्यावर बसू देत नाही’ हे पण तुम्ही लिहिलंय, बाकी का ते लिहिलेलं नाही. तट्टू 13 हात उंच (घोड्याच्या मापातला हात चार इंचाचा), टेप लावून वजन येतं 260 किलोच्या आसपास. खोगिरासकट पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको म्हणतात, म्हणजे 52 किलो, त्यात खोगीर सातेक किलोचं. तुमचं वजन मी इथं काढत नाही. तट्टू तुमचं आहे, मान्य, पण रील काढायला तुम्ही रिकिबीत पाय घातलासा तेव्हा मी मधे पडलो आणि चार लोकांसमोर पडलो, त्याचा राग आला असणार. बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं हे मला रात्री वाटलं.

आणि ते शेवटचं वाक्य, ‘ह्या भागात घोड्यातलं कुणाला काही कळत नाही, शिकायचं तर पुण्याला जावं.’ हे लागलं सर. पुण्याला चांगले क्लब आहेत, जरूर जावा. पण आळंदीहून माऊलींची पालखी निघते तिचे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून जातात, दरवर्षी, चालत. पुण्याची वारी बेळगाव जिल्ह्यातल्या घोड्यांमागून चालते. आमचे आजोबा बेळगाव स्टेशनबाहेर टांगा लावायचे, वडिलांनी घोडागाडीच्या शर्यती बघत जन्म काढला, मी हिंडलग्याच्या पुढं वेंगुर्ला रोडला आत ह्या मळ्यात पाच घोडी घेऊन बसलोय ते कर्ज काढून बसलोय. पाऊसकाळात निम्मे क्लास बंद, घोडी मात्र दोन्ही वेळ खातातच. शिकवणं आवडलं नाही म्हणा, मी ऐकून घेतो. कळत नाही म्हणू नका.

सुधारणा करतोय. क्लासच्या वेळेची फोड मराठीत आणि कन्नडात बोर्डावर लिहून लावणार, पेंटरला सांगितलंय. चिखलावर मुरूम टाकायचं पण बघतोय, ह्या पावसात ट्रॅक्टर आत येत नाही, उघडीप मिळाली की टाकून घेतो. फोन उचलत नाही म्हणालासा, सकाळी हात रिकामे नसतात, त्याचंही काहीतरी करतो.

रिव्ह्यू काढा म्हणत नाही. चिखलाचा एक स्टार राहू दे. पण ते 25 मिनिटांचं तेवढं वही बघून दुरुस्त करा, वही गेटवरच आहे.

तुमचे दोन क्लास बाकी आहेत. ह्या रविवारी मैना रिकामी आहे, साडेसहा. मुलीला बूट घालून पाठवा, मागच्या वेळी चप्पल होती आणि मी माझ्या पोराचे बूट दिले. आणि ती मैनाला गाजरं आणते ती गोल चकत्या करून असतात, तशा नको, घशात अडकतात. उभी, बोटासारखी लांब चिरून द्या.

— मालक, वेंगुर्ला रोड