चार खाचा, चार हुतात्मे आणि 'चालू कंडिशन' रायफल

सोलापुरातल्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फोटो फिरतोय. जुनी थ्री नॉट थ्री, लाकडी दस्त्यावर ओळीने चार खाचा, आणि खाली मजकूर: 'मार्शल लॉमधल्या गोऱ्या सोल्जरची ओरिजिनल रायफल. एक खाच म्हणजे एक बळी. चार खाचा म्हणजे आपले चार हुतात्मे! दस्त्यावर एस आहे, म्हणजे स्नायपर. दस्त्याच्या पट्टीखाली सैनिकाच्या नावाची चिठ्ठी असते. शंभर वर्षं झालेल्या शस्त्राला लायसन लागत नाही. चालू कंडिशन. फक्त खऱ्या शौकिनांसाठी.' एरवी डिलीट करून विसरलो असतो. पण जुळे सोलापुरातून धाकट्या मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, टोकन देऊन ठेवू का?" म्हणून हे लिहितोय.

आधी त्या चार खाचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली. फाशी! खटला चालवून, शिक्षा सुनावून, दोरावर. त्यांच्यावर कुठल्या सोल्जरने नेम धरलाच नाही, मग खाच कशाची कोरली? सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागण्याआधी ८ मे १९३०ला गोळीबार झाला, त्यात माणसं मेली ती वेगळी आणि हे चौघे वेगळे. दरवर्षी १२ जानेवारीला चार हुतात्मा चौकात हार घालायला जाणारी माणसंही हा मेसेज 'जय हिंद' लिहून पुढे ढकलतात, याचा मला जास्त राग आहे. बंदूक विकायला हुतात्म्यांची नावं लावायची आणि ते मेले कसे हेही माहीत करून घ्यायचं नाही.

आणि खाचा म्हणजे बळी, हे तरी कुणी ठरवलं? रायफल सरकारी मालमत्ता. दस्ता कोरला तर शिपायाला शिक्षा व्हायची. तरीही पोरांनी आद्याक्षरं, तारखा, गावांची नावं कोरली, ते खरं आहे. पण ली-एनफिल्डचा, म्हणजे याच थ्री नॉट थ्रीचा, दस्ता हा स्वतंत्र तुकडा असतो, एका लांब बोल्टने जोडलेला. फुटला की कारखान्यात दुसरा बसवायचे. म्हणजे नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा, असं सर्रास. चार खाचा तर कानस घेऊन कुणीही चहा निवायच्या आत पाडतो. जुन्या खाचेत जवसाचं तेल आणि मळ मुरून ती आजूबाजूच्या लाकडासारखीच काळपट झालेली असते. फोटो मोठा करून बघा, खाचेच्या आत लाकूड पिवळं दिसतंय.

एस म्हणजे स्नायपर नव्हे. दस्ते वेगवेगळ्या लांबीचे यायचे. आखूड दस्त्यावर एस, लांबवर एल आणि सगळ्यात आखूड असेल त्यावर बी. बुटक्या शिपायाची रायफल, एवढंच.

चिठ्ठीचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्वित्झर्लंडच्या के-३१ या लष्करी रायफलींच्या दस्त्याच्या टोकाला असलेल्या धातूच्या पट्टीखाली सैनिकाचं नाव आणि तुकडी लिहिलेली चिठ्ठी खरोखर सापडते, कारण तिथे सैनिक रायफल घरी ठेवायचे. जगभरचे संग्राहक पट्टी खोलून ती शोधतात. पण ती स्विस रायफल. आपल्याकडच्या जुन्या थ्री नॉट थ्रीवर फार तर दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती असते आणि तिच्यावर असतो पलटणीचा संक्षेप आणि हत्याराचा नंबर, माणसाचं नाव नाही. ब्रिटनमध्ये बनणाऱ्या नव्या रायफलींवर ही चकतीसुद्धा पहिल्या महायुद्धातच बंद झाली.

आता लायसन, म्हणजे ज्याच्यापायी मेव्हणा आत गेला असता ते. शंभर वर्षांचा आकडा १९७२च्या पुरावस्तू कायद्यातला. एखादी वस्तू पुरावस्तू कधी ठरते, एवढंच तो सांगतो. बंदूक बाळगायची परवानगी तो देत नाही. सूट आहे ती शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५ मध्ये: जुन्या पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, पण ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. वयाचा तिथे उल्लेखही नाही. आणि हा शहाणा स्वतःच्याच मेसेजमध्ये 'चालू कंडिशन' लिहितो! तिथेच सूट संपली. त्यात थ्री नॉट थ्री हा प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), लष्करी काडतुसाचा. म्हणून तर इशापूरच्या सरकारी कारखान्याने सामान्य परवानाधारकांसाठी .३१५ बोअरची वेगळी रायफल काढली. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार बाळगल्याची शिक्षा किमान सात वर्षांची आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्री २०२० साली निवृत्त केली, इतकं ते हत्यार कालपरवापर्यंत नोकरीत होतं, आणि याच्या लेखी ते शोपीस.

कुणाच्या घरात माळ्यावर आजोबांची जुनी बंदूक खरोखर निघालीच, तर ती व्हॉट्सॲपवर टाकू नका. थेट पोलीस ठाण्याला कळवा आणि तिथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करा. आणि द्यायच्या आधी 'जरा चकाचक करू' म्हणून पॉलिश पेपर मारू नका. कुणी खरंच काही कोरलं असेल तर ते लाकडाच्या भुशाबरोबर केराच्या टोपलीत जाईल.